दोन धर्मगुरूंचं एकमत

स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. मी तेव्हा पनवेलच्या बाजारामागच्या दवाखान्यात नर्स होते. गावात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, पण त्यांतही दोन तट: आम्ही प्रॉटेस्टंट, ते रोमन कॅथलिक. आमचे पाळक आणि त्यांचे फादर यांचा छत्तीसचा आकडा. रस्त्यात समोरासमोर आले की एकजण कापडाच्या दुकानात शिरायचा, घ्यायचं काही नसलं तरी.

त्यात उरणकडच्या एका कॅथलिक मुलीनं आमच्या मंडळीतल्या एका शाळेच्या गुरुजींशी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लग्न केलं. फादरांनी सांगूनच टाकलं, हे लग्नच नव्हे. चार वर्षं तिला मिस्साला, म्हणजे त्यांच्या रविवारच्या उपासनेला, प्रसाद दिला नाही.

एका सकाळी ती कडेवर पोर घेऊन दवाखान्यात आली. दुसरा हात मनगटापाशी मोडलेला. नवऱ्यानं मोडला होता, आणि ती पहिली वेळ नव्हती. हात बांधून झाल्यावर मी तिला माझ्याच खोलीत ठेवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी पाळक आणि फादर चक्क बरोबर माझ्या दारात! एका बाकावर बसले, माझा चहा प्यायले. पाळक म्हणाले, "पत्नीनं पतीच्या अधीन असावं." फादर म्हणाले, "लग्न मोडता येत नाही. तिला परत पाठवा."

माझं डोकंच फिरलं. "वा, फादर! चार वर्षं हे लग्नच नव्हतं. हात मोडल्यावर झालं होय?"

पाळकांना हसू फुटलं. मी त्यांच्याकडे वळले. "हसताय काय, पाळकसाहेब? पहिल्या बाकावर बसून गाणी म्हणतात ना गुरुजी? त्यांना एका शब्दानं विचारलंत?"

आतून तिचा आवाज आला, "मी नाय जानार. मिठागरात राबंन, पन त्या घरात पाय नाय टाकनार."

पाळक उठले. "तिला ठेवून घेतलंत तर तुमचं प्रभुभोजन बंद." फादरांनी मान डोलावली.

"करा बंद!" मी म्हटलं.

खोटं कशाला सांगू, त्या रविवारी देवळात प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी माझ्यासमोरून पुढे गेली तेव्हा मी रडले. पण तिला घालवलं नाही.

मग मागच्या दारानं बाया येऊ लागल्या. कॅथलिक बायांनी सुकी मासळी आणली, आमच्यातल्यांनी जुने कपडे. एकमेकींच्या देवळाची पायरी न चढणाऱ्या या बाया माझ्या चुलीपुढे बसून त्या पोराची झबली शिवायच्या. उपदेश कुणीच करत नव्हतं.

एका दुपारी पाळकांची बायको दारात उभी राहिली. मी तोडूनच विचारलं, "काय निरोप आहे साहेबांचा?"

तिनं गळ्यावरचा पदर बाजूला केला. कातडी काळीनिळी झाली होती.

"निरोप नाही, बाई. तिच्याशेजारी अजून एक अंथरूण मावेल का?"

"न मावायला काय झालं?" मी म्हटलं आणि तिच्या हातातली वळकटी घेतली.