पंप मारणारा माणूस

नवरा गेल्यावर आमचा जुना ट्रॅक्टर मी चालवायला घेतला, पण दीर तो विकायचाच म्हणत होते. एकदा डिझेल फिल्टर घरीच बदलून पेरू घेऊन बारामतीला निघाले, तर निमगाव केतकीच्या पुढं इंजिन बंद पडलं. नाइलाजानं दिरांना फोन केला.

त्यांच्या आधी एक दूधवाला थांबला. त्यानं मोटारसायकल सावलीत लावली, कॅनींवरचं ओलं पोतं नीट ओढलं आणि मग विचारलं, "फिल्टर आत्ताच बदललाय व्हय? लायनीत हवा राहिली आसंल."

पाना त्यानं माझ्याच हातात दिला. "तुमी फिल्टरवरचा नट ढिला करा, मी पंप मारतो." तो इंजिनाजवळचा डिझेलचा छोटा पंप अंगठ्यानं दाबत राहिला. डिझेल फेसाळत बाहेर आलं. "बुडबुडे संपू द्या. हां, आता आवळा."

इंजिन चालू झालं, तेवढ्यात दीर आले. त्यांनी त्यालाच विचारलं, "काय झालं होतं? कसा चालू केला?"

तो कोरड्या मातीनं हात चोळत म्हणाला, "ताईंनी केला की. मी नुस्ता पंप मारला." आणि दूध तापेल म्हणून लगेच निघाला.

विकायचं बोलणं पुन्हा निघालं नाही. रस्त्यात दुधाची गाडी दिसली की मी अजून कॅनींवर ओलं पोतं आहे का बघते.

आता फिल्टर बदलायचा असला की दीर पंपाशी येऊन उभे राहतात. पाना माझ्याकडंच असतो.