बरणीतलं यीस्ट मरतंय कशानं?

हसणार आहात तुम्ही, हे धरूनच सांगतो. आणि हसा खुशाल, फक्त कप खाली ठेवून हसा.

मी घरी बिअर बनवायला घेतली होती. म्हणाल, नवीन पनवेलमधली दुकानं बंद पडली होती का? नाही हो! पण आमचे साडू पुण्याला घरी बिअर बनवतात आणि प्रत्येक लग्नात, बारशात ते ऐकवतात. म्हटलं, आपण कोण? तळोज्याच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला! दुसऱ्यांच्या चुका शोधायचाच पगार घेतो. आपल्याला नाही जमणार?

नाही जमलं. पहिल्यांदा केली तर नुसतं गोड पाणी. दुसऱ्यांदाही तेच. आणि मी शहाण्यानं तोवर साडूंना फोन करून सांगून टाकलं होतं, "या दिवाळीला माझ्या हातची!"

सुजातानं, म्हणजे आमच्या बायकोनं, मग निर्वाणीचं सांगितलं. "हा शेवटचा घाणा. दिवाळीला ताई-भावजी यायच्या आत जमलं तर ठीक. नाहीतर तुमचं हे पिंप, नळ्या, बाटल्या, सगळं कळंबोलीला भंगारात. मला फराळाचे डबे ठेवायला जागा नाही."

म्हणजे बघा, सामानही पणाला आणि नाकही!

शाळेपासूनचा मित्र निलेश धावून आला. तोही घरी बिअर करतो. म्हणाला, "अरे, यीस्ट थेट पिंपात टाकू नकोस. आधी स्टार्टर कर." स्टार्टर म्हणजे काय, तर काचेच्या बरणीत थोडं माल्टचं पाणी उकळून गार करायचं, त्यात यीस्ट घालायचं, वर नुसती फॉइल. यीस्ट जागं झालं, वाढलं, की मग ते मोठ्या पिंपात. थोडक्यात, बिअरचं विरजण. निलेशनं स्वतःच्या फ्रिजमधली यीस्टची पाकिटंही दिली.

आणि नेमकी त्याच वेळी चिरनेरहून आई आली, गुडघे दाखवायला. आमच्या आईला दारूचा नुसता विषय निघाला तरी पदर नाकाला जातो. ओट्यावरची बरणी तिनं पहिल्या मिनिटाला हेरली.

"यो काय रं?"

"सातूचा काढा, आई. ॲसिडिटीवर."

"सातूचा काढा? आमी नाय कधी आयकला."

"आयुर्वेदिक आहे."

आयुर्वेदिक म्हटलं की आमच्या घरात पुढचा प्रश्न येत नाही. आणि तसं बघायला गेलं तर माल्ट म्हणजे सातूच की! खोटं कुठे बोललो?

रात्री यीस्ट घातलं. सकाळी बघतो तर बरणीत हा पांढराशुभ्र फेस! अहाहा! शीळ घालत ऑफिसला गेलो. संध्याकाळी आलो तर फेस गायब, पाणी निपचित. हलवून पाहिलं, ढवळून पाहिलं. ढिम्म!

निलेशला फोन लावला.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "कधीकधी यीस्ट काम आटपून तळाला बसतं. थोडं ताजं माल्टचं पाणी घालून बघ. जिवंत असेल तर उठेल."

घातलं. नाही उठलं.

नवीन पाकीट, नवीन बरणी, नळाचं पाणी बंद, बाटलीचं पाणी सुरू. सकाळी फेस, संध्याकाळी मयत! पण या वेळी एक सुगावा लागला. बरणीला हात लावला तर कोमट! सापडलं ना राव! आपल्या पनवेलचा ऑक्टोबर. दिवसाचा उकाडा सोसत नसणार बिचाऱ्याला.

मग काय, बरणी आईच्या खोलीत नेली आणि निघताना एसी चालू ठेवला. दिवसभर. विजेचं बिल गेलं खड्ड्यात.

संध्याकाळी आई फोनवर मावशीला सांगत होती, "पोरगा माज्यासाठी दिसभर एसी लावून जातो गो! एवढा जीव लावतो!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एसी बंद केला नाही, हेही कबूल करतो. दिवाळी जवळ येत होती.

आणि बरणी? गार खोलीत, पण मेलेली!

मग मी क्वालिटीवाल्याच्या थाटात बसलो. बरणी स्वच्छ. पाणी स्वच्छ. हवा गार. उरलं काय? यीस्ट. दिलं कुणी? निलेशनं!

"तू मला एक्सपायरीचा माल खपवलास," मी फोनवर म्हणालो.

"मी? अरे, याच यीस्टनं माझ्याकडे झाकणं उडतायत!"

मी एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नाही! आमच्या बिअरवाल्यांच्या ग्रुपवर जाहीर टाकलं, 'निलेशकडचं यीस्ट कुणी घेऊ नये.'

शुक्रवारी संध्याकाळी निलेश दारात उभा, तोंड फुगवून. हातात शेवटचं पाकीट. "माझ्यासमोर लाव," म्हणाला. लावलं. शनिवारी मला सुट्टी, तर हा पठ्ठ्या सकाळीच हजर. बरणीत फेस काठोकाठ.

"जिवंत आहे ना? नीट बघ. काढ फोटो!"

काढला. दोघांचं तोंड गोड, म्हणजे तिखट करायला खाली मिसळ खाऊन आलो. वर येतो तर जिन्यातच माल्टचा वास. धावत स्वयंपाकघरात गेलो.

गॅसवर पातेलं. पातेल्यात माझा स्टार्टर खदखदतोय. शेजारी आई, हातात गाळणी.

"आई! हे काय करतेस?"

"तुजा काढा उकलतंय. रोज सकालचा फेस धरतो, नासत असल. म्हून तू गेलास का उकली काढून, निववून, परत बरनीत भरून ठेवते."

"रोज?"

"मंग? पोरगा माज्यासाठी एसी लावतो, मी येवढा पन नाय करायचा?"

निलेश खाली फरशीवरच बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यात पाणी आलं. जरा श्वास मिळाल्यावर म्हणाला, "ग्रुपवर तू लिहितोस का मी लिहू?"

माझा मात्र पारा चढला. "अगं आई, जिवंत होतं ते! उकळून मारलंस रोज! काढा नव्हता तो. बिअरसाठी होतं. दारूसाठी!"

बाहेरच्या खोलीतून सुजाताचा आवाज येत होता. ती भंगारवाल्याला पत्ता सांगत होती.

आईनं शांतपणे गॅस बंद केला. पदर नाकाला लावला आणि पदराआडूनच म्हणाली,

"येड्या, दारू हाय म्हून खरा सांगितला असतास, तर मी त्या बरनीला हात तरी लावला असता का?"