सात वाजताची लाईन

शनिवारी सकाळी सातला पाच कमी असताना त्रिवेणीबाई बिरादारांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा घुरघुरला, पडदा उजळला. आदल्या संध्याकाळी उघडी ठेवलेली धड्याची पानं जशीच्या तशी समोर आली. फक्त खालच्या कोपऱ्यात लाल फुली होती.

"अहो, पुन्हा गेलं!"

प्रतापराव मोरीत नळाचा पाईप ड्रममध्ये धरून उभे होते. हैदराबादच्या गौलीगुड्यात पाणी एक दिवसाआड येतं आणि ते सहाच्या पुढं कधीही येतं. त्यामुळं त्या दिवशी घरातलं एक माणूस नळाला बांधलेलं असतं.

"गेलं म्हणजे? रात्री तर होतं ना?"

"रात्री होतं. झोपवलं तेव्हा होतं. उठवलं तर नाही."

"माझं बी तसंच होतंय आजकाल," प्रतापराव पाईप हलवत म्हणाले. "झोपताना सगळं ठीक, उठताना गुडघा नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या फोनवर एकेक निरोप यायला लागला होता. 'बाई, आम्ही आलो.' 'बाई, तुम्ही दिसत नाही.' अकरा माणसं आपापल्या घरी पडद्यासमोर बसून होती. सगळी मोठी, नोकरीधंद्याची. घरात मराठी बोलणारी, पण शाळा तेलुगूत नाही तर इंग्रजीत झालेली. बोलायला लागली की थांबत नाहीत, वाचायला दिलं की तिसऱ्या शब्दाला अडखळतात. त्यांना मराठी वाचायला शिकवण्याचा हा वर्ग त्रिवेणीबाई दीड वर्ष घेत होत्या, मंगळवार, गुरुवार, शनिवार. कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचं आणि वरून कॅमेरा लावायचा, अशी त्यांची रीत. एकदा फोनवरून घेऊन पाहिला वर्ग. बेगम बाजारात मसाल्याचं दुकान असलेले शिवराज म्हणाले होते, "बाई, हे जोडाक्षर आहे की जिरं?"

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला की नेट येत असे. पण तो होता जुना. नव्यानं सुरू व्हायला त्याला अर्धा तास लागे आणि वर्ग होता पाऊण तासाचा. म्हणून तर महिन्यापूर्वी बंगळूरच्या मुलानं, हर्षवर्धननं, फोनवरून शिकवलं होतं: आई, रात्री बंद करू नको, हायबरनेट कर. सगळं लक्षात ठेवून झोपतो तो, सकाळी दोन मिनिटांत जागा होतो.

जागा होत होता खरा, पण कधी नेट घेऊन, कधी न घेता.

सव्वासातला, वर्ग चालवणाऱ्या वाचन मंडळाच्या सेक्रेटरींचा, नामदेवरावांचा फोन आला.

"बाई, महिन्यात पाचव्यांदा झालं हे."

"चौथ्यांदा."

"बरं, चौथ्यांदा. लोक आंघोळी उरकून बसतात हो. आता असं ठरलंय, अनुराधाताई आहेत ना, पुण्याच्या, गच्चीबावलीला कंपनीत असतात. त्यांच्याकडं दोन-दोन कनेक्शनं आहेत. बोलणं बी एकदम स्वच्छ. मंगळवारी तुमची लाईन नाही आली तर वर्ग त्यांच्याकडं देऊ. तुम्हाला बी आराम."

"मी आराम मागितला का?"

"तसं नाही हो..."

"मंगळवारी वर्ग होईल."

"कशावरून?"

"मी सांगते म्हणून."

फोन ठेवला तेव्हा बाईंचे कान लाल झाले होते. आवाज मात्र चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. उदगीरजवळच्या शेतकऱ्याच्या घरातली ही मुलगी १९८२ साली, एकविसाव्या वर्षी, टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. इकडची दोरी तिकडं खोचली की हैदराबादचा माणूस सोलापूरच्या माणसाशी बोलायचा. चौदा वर्षं बोर्डावर काढली. मग बोर्ड गेले, बाईंना तक्रारीच्या टेबलावर बसवलं. तिथं उरलेली नोकरी. मराठी, तेलुगू, दखनी, इंग्रजी, चार भाषांतल्या शिव्या त्यांनी ऐकल्या आणि चारी भाषांत एकच उत्तर दिलं: "हो, कळलं. आता सांगा, आधी काय झालं होतं?"

लाईन नुसती चालू करून दिली आणि फॉल्ट सापडला नाही, तर त्या तक्रार मिटली असं लिहीत नसत. वरचे साहेब चिडायचे. बाई ऐकायच्या नाहीत.

शनिवारी दुपारीच त्यांनी वही काढली.

हर्षवर्धननं फोनवर सगळ्यात सोपा उपाय सांगितला. "आई, नवीन लॅपटॉप पाठवतो. सोमवारी हातात येईल."

"नवीन आला म्हणजे जुन्याला काय झालं होतं ते कळलं का?"

"कळून काय करायचंय?"

"नवीन बी असाच वागला तर?"

हर्षवर्धननं विषयच बदलला. "बाबा आहेत का जवळ?"

प्रतापरावांनीही उपाय सांगितला. ते बसच्या डेपोतून रिटायर झालेले. वेळेचं गणित पक्कं. "रोज साडेपाचला उठायचं, बंद करून चालू करायचं. सातला गाडी तयार."

"ते मी करू शकते हो. पण मग फॉल्ट घरातच राहायला आला म्हणायचा. आणि पाण्याच्या दिवशी नळापाशी कोण?"

"मीच तर असतो!"

"तुम्ही उठता का साडेपाचला?"

यावर प्रतापरावांनी पेपर उघडला.

नेटच्या माणसाला बोलावलं. त्यानं भिंतीवरच्या राउटरचे दिवे बघितले, आपल्या फोनवर एक गाणं लावून दाखवलं. "लाईन बागुंदम्मा. लाईन छान आहे." बाईंनी वहीत लिहिलं: राउटरपर्यंत फॉल्ट नाही. अर्धा रस्ता साफ झाला. उरलेला अर्धा टेबलावर होता.

रविवारी त्यांनी कॉम्प्युटरला चार वेळा झोपवलं. दहा मिनिटांनी उठवला, नेट आलं. अर्ध्या तासानं उठवला, आलं. जेवण करून, भांडी घासून दोन तासांनी उठवला, तरी आलं. संध्याकाळी सातला मंगळवारच्या धड्याची तयारी पुरी केली, झोपवलं. सोमवारी सकाळी उठवला.

लाल फुली.

"अगदी नाटकी आहे," प्रतापराव चहा घेऊन आले. "तू बघायलीस तोवर शहाण्यासारखा वागतो. पाठ फिरली की परेशान करतो."

बाई चहा न घेता वही बघत बसल्या. महिन्यातले सकाळचे दिवस त्यांनी आठवून मांडले होते. आलं, नाही, आलं, आलं, नाही. अशा ये-जा करणाऱ्या फॉल्टला एक्स्चेंजमध्ये सगळे घाबरायचे. मेलेली लाईन सापडते, ही अधूनमधून मरणारी सापडत नाही. आणि अशा वेळी बाई गिऱ्हाइकाला जे विचारायच्या ते आता त्यांना कुणी विचारत नव्हतं.

"अहो, इकडं या. खुर्चीवर बसा."

"का?"

"तुम्ही तक्रारीच्या टेबलावर. मी गिऱ्हाईक. मला प्रश्न विचारा."

"कायकू पण? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायची गरज नाही. दर वेळेला एवढंच विचारायचं, मग काय केलं. आणि माझ्याकडं बघत राहायचं. मी सांगते ते ऐकू नका, करते ते बघा."

प्रतापराव बसले, घसा साफ केला. डेपोत ड्रायव्हरला झापायचा आवाज काढला. "बोला बाई. काय तक्रार आहे?"

"रात्री लाईन चांगली असते, सकाळी नसते."

"रात्री काम झाल्यावर काय केलं?"

"फाईल जपून ठेवली." हात माऊसवर गेला. "मग हायबरनेट दाबलं. पडदा काळा झाला. पंखा थांबला."

"मग काय केलं?"

"कॅमेऱ्यावर रुमाल टाकला. पेनाला टोपण लावलं. दिवा बंद केला."

"मग?"

"मग काय! उठले, स्वयंपाकघरात."

"हे काय केलंस आता?"

"कुठं काय?"

"डाव्या हातानं. खाली. ते काढलंस की तू."

त्रिवेणीबाईंनी आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं. मुठीत डोंगल होतं, बोटाच्या पेराएवढं, त्या जुन्या डब्याला बिनतारी नेट पकडून देणारं. ते त्यांनी कधी उपटलं, त्यांना माहीत नव्हतं.

"हे मी..." त्या थांबल्या. "दरवेळी?"

"दरवेळी की. काढतीस आणि पेनाजवळ ठेवतीस. मला वाटलं, ते तसंच असतं."

"मग रविवारी दिवसभर नाही काढलं?"

"दिवसा कुठं काम संपलं होतं तुझं?"

बाई खाली बसल्या. चौदा वर्षं बोलणं संपलं की दोरी काढायची, रिकामी लाईन अडवून ठेवायची नाही. सुपरवायझर मागं उभी राहून हातावर पट्टी मारायची. ती बाई गेली, बोर्ड भंगारात गेले, पण काम संपल्याबरोबर डावा हात अजून आपला खाली जाऊन दोरी उपटत होता आणि मालकिणीला सांगतही नव्हता.

त्या ताडकन उठल्या. डब्याला पुढं दोन भोकं होती. डोंगल एकात लावून कॉम्प्युटर नव्यानं चालू केला, नेट आल्यावर झोपवला, मग डोंगल काढून शेजारच्या भोकात लावलं आणि उठवला. लाल फुली. बंद करून नव्यानं चालू केला, अर्धा तास थांबल्या, झोपवला, डोंगल काढून परत त्याच भोकात लावलं, उठवला. नेट आलं. पुन्हा अर्धा तास घालवून शेजारच्या भोकात. फुली.

"झोपताना तो लक्षात ठेवतो, आपलं डोंगल या भोकात आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "सकाळी मी तसंच नकळत, न बघता कुठल्याही भोकात खोचते. बरोबर भोकात पडलं तर येतं, चुकीच्यात पडलं तर हा बिचारा जुन्या जागी शोधत बसतो. सुरुवातीपासून चालू केला की सगळी भोकं नव्यानं बघतो, म्हणून तेव्हा येतं."

"म्हणजे कॉम्प्युटरची चूक नाही."

"नाही."

"नेटवाल्याची?"

"नाही म्हटलं ना. माझी आहे."

प्रतापरावांना जिंकल्यासारखं वाटलं असावं, पण बाईंचा चेहरा बघून ते म्हणाले, "वहीत लिही मग." बाईंनी लिहिलं. खाली तारीख घातली.

मंगळवारी सातला दोन कमी असताना त्या वर्गात शिरल्या. डोंगल रात्रभर जागेवरच राहिलं होतं; लाईन एका दमात लागली. पण पडद्यावर आधीच एक ओळखीचा नसलेला चेहरा मोठा दिसत होता: कानात इअरफोन, मागं पुस्तकांचं कपाट. अनुराधाताई. नामदेवरावांनी त्यांना खबरदारी म्हणून बोलावून ठेवलं होतं, आणि पाच मिनिटं आधीच सुरुवात झाली होती. शिवराज वाचत होते, कपाळावर घाम.

"शिवराजजी, 'पाहिजेल' नाही, 'पाहिजे'," अनुराधाताई गोड आवाजात म्हणत होत्या. "छापलंय तेच वाचायचं."

"आमच्यात पाहिजेलच म्हणतात, मॅडम."

"बोलताना म्हणा हो. वाचताना नको."

शिवराजांनी बोट ओळीच्या सुरुवातीला परत नेलं. बाकीच्या दहा चौकटींतली डोकीही खाली गेली.

"नमस्कार, अनुराधाताई," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "मी त्रिवेणी बिरादार. लाईन आली माझी."

नामदेवराव घाईघाईनं मध्ये आले. "हां, बाई, आज आली ते चांगलंच झालं. पण आता ताईंनी सुरू केलंय तर आजचा दिवस... आणि पुढं बी, कसं, भरवसा..."

"भरवशाचं सांगते. फॉल्ट सापडलाय. नेटमध्ये नव्हता, कॉम्प्युटरमध्ये नव्हता. रोज रात्री मीच नेटचं डोंगल उपटत होते, सवयीनं. तुम्हा सगळ्यांच्या चार सकाळी माझ्या हातानं गेल्या. त्याची माफी मागते. पण वर्ग माझा आहे आणि तो मी घेणार."

कुणीतरी माईक चालू करून खोकलं. अनुराधाताई कॅमेऱ्याजवळ सरकल्या.

"बाई, खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "मला नऊची मीटिंग आहे, आणि या लोकांनी पाच मिनिटांत मला तीनदा विचारलं, आमच्या बाई कुठं आहेत. मी थांबते, पण ऐकायला. चालेल?"

"चालेल. माईक बंद ठेवा."

दोन-तीन जण हसले. नामदेवरावांनी आपला कॅमेरा बंद केला. त्यांची चौकट काळी झाली, पण नाव तिथंच राहिलं.

बाईंनी कॅमेऱ्यावरचा रुमाल काढला. कोरा कागद पांढराशुभ्र होऊन अकरा घरांत पसरला. "शिवराजराव, पाहिजेल तुमचंच आहे, कुणी काढून घेत नाही. छापलेलं वेगळं आहे, ते बी तुमचंच. दोन्ही पाहिजेत. पहिल्या ओळीपासून घ्या. हळू. अडलं की मी लिहून दाखवते."

शिवराजांनी कपाळ पुसलं आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत 'विश्वास' या शब्दाला ते थांबले. बाईंनी पेन उचललं, श आणि व वेगळे काढले, मग एकमेकांत बसवले. शिवराजांनी तो शब्द एकदा तुकड्यांत म्हटला, एकदा अख्खा म्हटला, आणि कुणी सांगायच्या आत पुढच्या ओळीत गेले.