व्याह्यांचा इथिओपिया

कोल्हापूर जिल्ह्यात इथिओपियाच्या राजेरजवाड्यांची काळजी वाहणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. शिरोळला त्यांचा चार एकर ऊस आहे, सहा म्हशी आहेत आणि डोक्यात कित्येक शतकांची बादशाही आहे. रद्दीतून मिळालेल्या एका फाटक्या जाडजूड पुस्तकाने त्यांना हा नाद लावला. त्या देशाचं कॅलेंडर आपल्या इंग्रजी कॅलेंडरपेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं हे वाचल्यापासून ते आपलं वयही तेवढंच कमी सांगतात. तसं धरलं तर जन्मसालही मागे जाईल, हे मी एकदा सुचवून पाहिलं. पण ऐकतो कोण? त्यांच्या सर्वांत मारक्या म्हशीचं नाव शेबा, तिकडच्या एका जुन्या राणीवरून ठेवलेलं. धार काढायला कोणी घाई केली की ते ओरडतात, "राणीसाहेब हायत त्या, दमानं!"

मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मानपान ठरवायचं सोडून त्यांनी इथिओपियाने इटलीला हरवलं ती अडव्याची लढाई काढली. भाकऱ्यांचे डोंगर रचले, इटलीची फौज म्हणून माझी रश्श्याची वाटी ओढली आणि चहूबाजूंनी घेरली. "व्याहीबुवा, तोफा त्यांच्याकडं, पर डोंगर कुणाचं? ह्यांचं! त्याआधी ह्यांच्या राणीनं त्यांच्या किल्ल्याचं पाणी तोडलंतं. पाणी तोडल्यावर कुठला गडी टिकतोय?" गोऱ्यांचा पार धुव्वा उडेपर्यंत माझा रस्सा गार झाला होता. घरात मात्र यावर कोणाचाच विश्वास नव्हता. "मनानंच रचत्यात सगळं," असं विहीणबाई सरळ तोंडावर म्हणत, आणि त्यांचा चेहरा एवढासा होई.

गेल्या वर्षी जावई नोकरी करतो त्या साखर कारखान्यात काम शिकायला एक इथिओपियन इंजिनिअर आला. जावयाने त्याला जेवायला बोलावलं, मलाही बोलावलं, आणि वडिलांना बजावलं, "आबा, त्येच्यासमोर त्या राजाराणीचं काय बी काढू नगासा. माझी इज्जत जाईल." आबांनी मान हलवली. इतकी वर्षं ज्या देशाचा माणूस बघायला ते तरसले होते, तो समोर बसला आणि ते भिंतीकडे बघत राहिले.

तांबडा, पांढरा, सुकं मटण, सगळं ताटात आलं. पाहुण्याने हात जोडले आणि ताटाला हात लावला नाही. आमच्याकडे पाहुणा नको म्हणाला की तो लाजतोय असं धरून आणखी वाढतात. तो संकोचाने कारण न सांगता नुसता नको म्हणत गेला, विहीणबाई वाढत गेल्या. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या हातचं आवडलं न्हाय व्हय?" जावई घामाघूम. आबांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग राहवेना.

"आरं, आज बुधवार हाय! बुधवारी आन् शुक्रवारी त्यांचा उपास असतोय. मटण न्हाय, अंडं न्हाय, दूध-तूपसुदिक न्हाय. उचला ती ताटं!"

जावयाने इंग्रजीत विचारलं. पाहुणा ताडकन उभा राहिला. "हे यांना कोणी सांगितलं?"

भाकरी, खर्डा, तेलातलं वांगं आलं. पाहुणा तुटून पडला, आणि आबांना आता कोण अडवणार? डोंगर रचले गेले, वाटी घेरली गेली. ते किल्ल्याचं पाणी तोडण्यापाशी आले तसा पाहुण्याने उठून राणीचं नाव घेतलं आणि पुढची लढाई त्याच्या भाषेत सांगून टाकली. जावयाला ती भाषा येत नव्हती, त्याचं भाषांतर तिथेच संपलं. कोणाचं अडलं नाही. सांगून झाल्यावर त्याने भाकरीचा तुकडा मोडला, खर्डा लावला आणि आपल्या हाताने आबांना घास भरवला. तिकडे मान द्यायची तीच रीत आहे म्हणे.

"म्हंजे खरंच हाय की ओ सगळं!" विहीणबाई म्हणाल्या. आबांच्या तोंडात घास होता म्हणून, नाहीतर त्यांनी आरोळीच ठोकली असती.

पाहुणा गेल्यावर मी म्हटलं, "आबा, आता एकदा जाऊन या तिकडं." ते गोठ्याकडे निघाले होते. "म्हशी कुणाच्या जिवावर टाकू? आन् जाऊन काय करू? त्यो आलता की."

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, परीक्षा घेतल्या, पेपर तपासले. त्यासाठी मला कधी कोणी घास भरवला नाही. त्या दुपारी मला व्याह्यांचा फार हेवा वाटला.