डी ड्राइव्ह आणि जवळ्याचा डबा

आता हे ऐकून हसायचं नाही, आधी कबूल करा, मगच सांगतो! बरं, हसा. पण हातातला चहा खाली ठेवून हसा.

माझा मुलगा निखिल बंगळुरूला. बायको गेल्यापासून खांदा कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये मी आणि माझा जुना कॉम्प्युटर, दोघंच. निखिलचा फोन म्हणजे काय? "जेवलात? गोळ्या घेतल्या? ठेवतो, मीटिंग आहे." संपलं! मग दिवसभर भिंतींशी बोला.

एकदा कॉम्प्युटर कुरकुरायला लागला, मेमरी कमी पडतेय म्हणून. निखिलने तिथून माझी स्क्रीन उघडली आणि व्हर्च्युअल मेमरी लावून दिली. म्हणजे खरी मेमरी भरली की डिस्कवरची जागा वापरायची. थोडी सी ड्राइव्हवर, बाकीची डी ड्राइव्हवर. आणि हे करता करता पठ्ठ्या तासभर गप्पा मारत होता! ऑफिसमधल्या कुरघोड्या, रोजच्या डोशाचा कंटाळा, आईच्या हातची आमटी... मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मग काय? पुढच्या आठवड्यात मीच सेटिंगमध्ये शिरलो आणि दोन्ही ड्राइव्हवरचे आकडे पार खाली आणले. कॉम्प्युटर लगेच रडायला लागला. मी फोन लावला, "अरे, पुन्हा तेच!"

"आपोआप कसं बदलतं हो, बाबा?"

"मला काय ठाऊक! मी बापडा बातम्या वाचत होतो."

असं बरेचदा झालं. शेवटी वैतागून त्याने सेटिंगला पासवर्डच लावला. आता आली का पंचाईत? पण मी कसला ऐकतो! कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, डी ड्राइव्हची अख्खी डिस्कच काढली, स्टीलच्या डब्यात घातली आणि शेजारच्या म्हात्रेवहिनींकडे ठेवायला दिली. वहिनी जवळच्याच गव्हाण गावच्या, भल्या बाई. कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही.

मग फोन लावला. निखिलने तिथून स्क्रीन उघडली आणि त्याचा आवाजच बदलला. "बाबा, डी ड्राइव्ह दिसतच नाहीये! आईचे सगळे फोटो त्यात आहेत. दुसरी कॉपी नाहीये हो!"

इथे मी तोंड उघडायला हवं होतं की नाही? उघडणारच होतो, देवाशपथ! पण तो म्हणाला, "कशाला हात लावू नका. मी शनिवारी येतोय."

येतोय! संपलं. मी घाईघाईने "बरं, ये" म्हणून टाकलं.

शुक्रवारी तो बॅग भरता भरता व्हिडिओ कॉलवर बोलत होता. तेवढ्यात दार ढकलून म्हात्रेवहिनी आत.

"भाऊ, तुमचा डबा! रिकामा कसा देनार? जवल्याची चटनी घातली हाय. आनि ती तुमची काली पेटी फडक्यात बांधून येगली आनली. काय नाय झाला तिला, बघा!"

आणि बाईंनी ती डिस्क थेट कॅमेऱ्यासमोर धरली.

निखिलने हातातला शर्ट बॅगेवर टाकला. मग हळूच म्हणाला, "बाबा, नुसता फोन करायचा ना."

"नुसता फोन केला की तुला मीटिंग असते रे. करमत नाही मला."

त्याने बॅगेची चेन ओढली. आणि शनिवारी आला बरं का! डिस्क जागच्या जागी बसवली, फोटोंच्या कॉप्या केल्या, जवळा चाटूनपुसून खाल्ला आणि जाताना कॉम्प्युटरमध्ये भरपूर नवी मेमरी घालून गेला. आता कॉम्प्युटर असा पळतो की तक्रारीला जागाच नाही!

परवा अगदीच राहवेना, म्हणून फोन लावला. "अरे निखिल, प्रिंटर चालत नाहीये."

"बाबा, आपल्याकडे प्रिंटर नाहीये."