वजनकाकांची वजाबाकी

आमच्या गल्लीच्या टोकाला जनावरांचा दवाखाना आहे. डॉक्टरबाई आतल्या खोलीत बसतात, पण त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी वजनकाकांच्या तावडीतून सुटावं लागतं. वय माझ्याहून फार तर दोन वर्षांनी जास्त असेल, पण सगळे काका म्हणतात म्हणून मीही म्हणते. दाराशी एक टेबल, टेबलाशेजारी जमिनीवर चपटा काटा, कानामागे पेन्सिल आणि चेहऱ्यावर असा भाव, की जगात वजनाखेरीज दुसरं काही महत्त्वाचं नाही.

त्यांची पद्धत अशी. मांजर, ससा, छोटं कुत्रं काट्यावर एकटं टिकत नाही, आकडा नुसता नाचत राहतो. म्हणून मालकाने जनावर कुशीत घेऊन काट्यावर उभं राहायचं. मग जनावर खाली द्यायचं आणि एकट्याने उभं राहायचं. काका वजाबाकी करतात. इथपर्यंत ठीक आहे, कुणीही हेच करील. पण काका केसपेपरवर तिन्ही आकडे लिहितात. म्हणजे माझ्या ताईचं वजन, मांजरासकट आणि मांजराशिवाय, गेली कित्येक वर्षं त्या दवाखान्याच्या कपाटात जमा आहे. तिच्या नवऱ्यालाही ते कधी कळलं नव्हतं.

लोक यावर चिडायचे. एक बाई काट्यावर चढण्याआधी चपला काढायच्या, कानातलं काढायच्या, एकदा तर चष्माही काढला. काका शांतपणे म्हणाले, "पहिल्या वेळी जे अंगावर, ते दुसऱ्या वेळीही अंगावर पाहिजे. नाहीतर तुमचा चष्मा कुत्र्याच्या नावावर जातो." एकूण आकडा वाढला म्हणून खूश झालेल्या पोपटवाल्या गृहस्थांना तर ते सरळ म्हणायचे, "तुम्ही जेवून आलात, पोपट नाही." पण आकडा वाचताना ते नेमके असे उभे राहायचे, की रांगेतल्या कुणाला तो दिसू नये. माणसाचं वजन ते कधीच मोठ्याने म्हणाले नाहीत. जनावराचं मात्र खणखणीत सांगायचे.

मला चौकशा करायची खोड आहे. ताई म्हणते, मी दुसऱ्याच्या पिशवीतली भाजी मोजते. तर मी काकांना एकदा विचारलंच, "आमची वजनं कशाला लिहून ठेवता हो? मांजराचं लिहिलं की झालं."

"पूर्वी मी धान्याच्या गोदामात मापाडी होतो," ते म्हणाले. "भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी गाडी तोलायची. रिकाम्या गाडीचं वजन लिहिलं नाही तर भरलेल्या गाडीवर विश्वास कसा ठेवायचा?"

"म्हणजे आम्ही रिकाम्या गाड्या."

"मी असं म्हणालो नाही," ते म्हणाले, पण मिशीत हसले.

गोदाम का सोडलं, तेही मी काढून घेतलंच. मालकाने एक दिवस रिकाम्या गाडीचं वजन दोन पोत्यांनी वाढवून लिहायला सांगितलं, म्हणजे शेतकऱ्याची दोन पोती गायब. काकांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि घरी निघून आले. घरी बायको, दोन लहान मुली आणि नोकरी नाही, असे सात महिने गेले. मग मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आत्ताच्या डॉक्टरबाईंच्या वडिलांनी, त्यांना या काट्यापाशी आणून बसवलं.

आता ताईबद्दल. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, जन्मभर शिवणकाम केलेली. भावजी गेल्यापासून माझ्या खालच्या मजल्यावर एकटी राहते, म्हणजे बॉबिनबरोबर राहते. बॉबिन ही सोळा वर्षांची करडी मांजर. मशीनच्या खणात, दोऱ्याच्या बॉबिनांच्या डब्याशेजारी झोपायची म्हणून हे नाव पडलं. भावजींच्या आजारपणात ती त्यांच्या पायाशी असायची. नंतर ताईच्या पायाशी झोपू लागली. मला ती कधी फारशी आवडली नाही, मलाही तिने कधी फारशी किंमत दिली नाही, पण ताईचा जीव तिच्यात अडकलेला होता हे मला लख्ख दिसत होतं.

बॉबिनच्या किडन्या कामातून गेल्या. दर पंधरा दिवसांनी सलाईन आणि वजनाच्या हिशेबाने गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरबाईंनी ताईला समोर बसवून सांगितलं, "वजन तीन किलोच्या खाली गेलं, की तिला ओढत ठेवण्यात अर्थ नाही. तेव्हा तिला शांतपणे जाऊ द्यायचं. कबूल?" ताईने मान हलवली. ताईने शब्द दिला की तो काळ्या दगडावरची रेघ असते. त्या दिवशी बॉबिन तीन किलो शंभर ग्रॅम होती.

पुढच्या वेळी मीही बरोबर गेले. ताई मांजर घेऊन काट्यावर चढली, उतरली, बॉबिनला टोपलीत ठेवलं, पुन्हा चढली. काकांनी वजाबाकी केली. मग पुन्हा केली. म्हणाले, "तीन किलो तीनशे."

"वाढलं," ताई म्हणाली.

"वाढलं," काका म्हणाले आणि ताईकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण कुतूहलही वाटलं. मांजर हाताला पिसासारखी लागत होती. पाठीचा कणा मोजून घ्यावा इतका वर आला होता. अंगावर नाही, तर ते दोनशे ग्रॅम गेले कुठे? त्या पुढच्या वेळीही तीन किलो तीनशे. मग तीन किलो दोनशे. डॉक्टरबाई सलाईन लावायच्या, गोळ्या द्यायच्या, आम्ही घरी यायचो.

त्या तिसऱ्या वेळी टोपली माझ्या हातात होती. दवाखान्याची पायरी उतरताना आत काहीतरी खणकन वाजलं. घरी येऊन मी पांघरूण उचललं, तर खाली ताईची कात्री. कापड बेतायची, लोखंडी, चांगली वीतभर.

"ही इथे कशी?"

"धार लावायला नेली होती," ताई म्हणाली.

"धारवाल्याचं दुकान उलट्या दिशेला आहे."

"म्हणून तर लावायची राहिली," ती म्हणाली आणि कुकर लावायला निघून गेली. माझ्या प्रश्नांना अशी पाठ दाखवणं तिला चांगलं जमतं.

पुढच्या खेपेला मी डोळ्यांत तेल घालून बघत बसले. उन्हाचे दिवस, तरी ताईने लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता. बॉबिनला डाव्या हातावर आडवं घेऊन ती काट्यावर चढली. आकडा स्थिर झाला. उतरली, टोपलीवर वाकली, मांजर आत ठेवलं, आणि बाहीतून काहीतरी पांघरुणाखाली सरकलं. मग ती पुन्हा चढली, रिकाम्या हाताने, सरळ समोर बघत. तीन किलो दोनशे. आयुष्यात कुणाचं बोटभर कापड कधी जादा ठेवून घेतलं नाही अशी माझी बहीण, चारशे ग्रॅम लोखंड मांजराच्या नावावर घालत होती.

मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली. कारण गोळ्या वजनावर ठरत होत्या. आधीच दमलेल्या किडन्यांवर ती जास्तीचं औषध लादत होती, आणि हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ताईला न सांगता दवाखान्यात गेले. रांग नव्हती. काका काटा पुसत होते.

"काका, माझ्या बहिणीचा केसपेपर काढा. त्यातला आकडा चुकलाय."

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "कात्री ना?" ते म्हणाले.

मी खुर्चीवर बसलेच.

त्यांनी केसपेपर काढला. नेहमीचे तीन आकडे पेनाने लिहिलेले होते. त्यांच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात आणखी एक. दोन किलो नऊशे. पुन्हा दोन नऊशे. मग दोन आठशे, कालही दोन आठशे.

"हे कुठून आणलंत?"

"पहिल्याच दिवशी आकड्याने उडी मारली. तुमच्या ताईंची पाठ वळली तेवढ्यात मी टोपलीच मांजरासकट काट्यावर ठेवली. आता ती धडपडत नाही, आकडा नाचत नाही. मग ताई तिला घेऊन आत गेल्या, टोपली इथे राहिली. ती पुन्हा ठेवली. पांघरुणाखालची कात्री तेव्हाच दिसली, पण ती दोन्ही वेळा टोपलीतच होती. वजाबाकीत ती आपोआप गेली. तेव्हापासून दर वेळी असंच."

"आणि गोळ्या?"

"पेन्सिलीच्या आकड्यावर. डॉक्टरबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्या म्हणाल्या, खातेय, अंग चाटतेय, खिडकीत बसतेय, तर आपण कशाला घाई करायची. तीनचा आकडा मीच दिला होता, म्हणाल्या, मीच सरकवते."

माझा जीव भांड्यात पडला. पण माझं तोंड गप्प बसेल तर शपथ. "म्हणजे दोन पोत्यांसाठी नोकरी सोडलेला माणूस आता दर खेपेला खोटा आकडा मोठ्याने वाचतो."

"काट्यावर दिसतं तेच वाचतो," काका म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी केसपेपरच्या कडा जुळवल्या. "पण तुम्ही म्हणता ते खरं आहे. मला ते आवडत नाही. तुमच्या ताई येणार असल्या की आदल्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष नसतं. बायको विचारते, काय झालं. काय सांगू? मांजर जड दाखवतोय म्हणून?"

"मग ताईला सांगून टाका ना."

"सांगितलं तर त्या शब्द पाळतील," काका म्हणाले.

मी ताईला काही बोलले नाही. मला किती जड गेलं, हे मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. ताई स्वेटर घालून जात राहिली, काका तीन किलो शंभर म्हणत राहिले, बॉबिन खिडकीत बसत राहिली.

मग एका आठवड्यात तिने खाणं सोडलं. पहिल्या दिवशी ताईने मासळी उकडून दिली, दुसऱ्या दिवशी बोटाने चाटवून बघितलं. तिसऱ्या दिवशी बॉबिन मशीनच्या खणातून उठलीच नाही. आम्ही ठरल्या दिवसाच्या आधीच दवाखान्यात गेलो. रांगेत एक गृहस्थ पिल्लू घेऊन बसले होते, त्यांनी आम्हाला पुढे जायला सांगितलं.

ताईच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा कुडता आणि खांद्यावर साधी सुती ओढणी होती. तिने पिशवीतून कात्री काढली आणि काकांच्या टेबलावर ठेवली. काकांनी ती बाजूला सरकवली. ती मांजर घेऊन काट्यावर चढली, उतरली, मांजर माझ्या हातात दिलं, पुन्हा चढली.

"दोन किलो तीनशे," काका म्हणाले. आवाज खणखणीत नव्हता.

"मागच्या वेळी किती होतं?" ताईने विचारलं. "खरं."

काकांनी केसपेपर तिच्यासमोर ठेवला. समासातल्या पेन्सिलीच्या आकड्यांवरून तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. शिवणीवरून फिरवते तसं, हळू.

"तीनच्या खाली जाऊन तीन महिने झाले."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

मला वाटलं, आता ती त्यांच्यावर बरसणार. ताई चिडली की भले भले गार पडतात. पण ती कागदाकडे बघत उभी राहिली.

"मला सांगितलं असतं तर त्याच दिवशी मी तिला आत नेलं असतं," ती म्हणाली. "शब्द दिला होता मी." तिने माझ्या हातातल्या बॉबिनच्या पाठीवरून हात फिरवला. "तीन महिने ऊन खाल्लं तिने खिडकीत."

मग तिने डोळे पुसले आणि कागद काकांकडे सरकवला. "आजचा पेनाने लिहा."

काकांनी पेनाने लिहिलं. ताईने बॉबिनला माझ्याकडून घेतलं आणि आतल्या खोलीकडे निघाली. दारात थांबून म्हणाली, "तुम्ही पण चला. मला एकटीला धरवणार नाही."

काका उठले. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली, हात धुतले आणि तिच्यामागे आत गेले. दार लागलं. मी मांडीवर रिकामी टोपली घेऊन बसले आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना.

थोड्या वेळाने पिल्लूवाल्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "वजन करणारे कुठे गेले?"

"थोडं थांबा," मी म्हटलं. "ते आमच्या माणसाजवळ आहेत."