परका स्टोव्ह

बपेऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गोंडांच्या वस्तीवर मी शिक्षिका म्हणून गेले, तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका म्हाताऱ्या जोडप्याने मला घराची बाहेरची खोली दिली. मी साताऱ्याकडची, भाकरीशिवाय पोट न भरणारी. म्हातारीला माझ्या ज्वारीच्या भाकरीची गंमत वाटे. एक तुकडा मोडायची आणि म्हणायची, "चावून चावून जीव जाते, बाई." मग भरपाई म्हणून तांदळाच्या कण्या आणि लाखोळी या तिकडच्या कडधान्याच्या वाळवलेल्या पाल्याची भाजी माझ्या ताटात पडे. बघता बघता मी पक्की भातखाऊ झाले.

एक गोष्ट मात्र मला पचली नाही. लेक लग्न होऊन गेली की तिचे देव बदलतात. मग माहेरच्या चुलीशी तिने जायचं नाही, कारण तिथे या घराचे पूर्वज राहतात. यांची एकुलती लेक माहेरी आली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाहुणीसारखी जेवायची. आईबापही तिच्या सासरी जेवत नसत. तसं आमच्याकडेही होतंच, मी कुणाला काय बोलणार!

त्या वर्षी धान घरात आलं आणि म्हातारी तापाने पडली. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच उडाली. पोटात काही गेलं नाही तर ती उठत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझी खिचडी तिने बाजूला सारली. तिला लाखोळीची भाजीच हवी होती, आणि ती मला येत नव्हती. लेक धावत आली, पण आत जाता येईना. शेवटी म्हातारा चुलीपुढे बसला आणि लेक उंबऱ्याबाहेरून सांगू लागली.

"बा, तिखट मंग टाक. आधी पाला शिजू दे."

"टाकलं ना आता."

थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"माय उपाशी मरून राहिली अन् मी इथं बसून सांगून राहिली," लेक म्हणाली.

मला संताप आला. मी म्हाताऱ्याला म्हटलं, अंगणात तीन दगड मांडू द्या तिला.

"दगडं बी आमचेच, माती बी आमचीच," तो हताशपणे म्हणाला.

मी तरातरा खोलीत गेले, माझा स्टोव्ह आणून पडवीत आदळला. "हा माझा आहे. यात तुमचं कोण राहतं ते सांगा."

म्हाताऱ्याने स्टोव्ह चहूबाजूंनी पाहिला, हलवून पाहिला.

"याच्यात तं घासलेट हाय," तो म्हणाला, आणि स्वतःच आतून पाल्याचं गाठोडं घेऊन आला.

म्हातारीने ताटली पुसून खाल्ली. "लगनापासून इच्या हातचं खाल्लं नोहोतं," ती मला म्हणाली आणि अजून थोडी मागितली. मला रडू आवरेना.

पुढे लेक आली की माझा स्टोव्ह तिच्या ताब्यात जाई आणि आम्ही सगळे पडवीत जेवत असू.

लाखांदूरकडे बदली झाली तेव्हा मी स्टोव्ह घासूनपुसून म्हातारीपुढे ठेवला. तुमच्या घराला भेट, म्हटलं. तिने हातच लावला नाही.

"आमचा झाला तं पोरगी कशावर रांधन? देऊ नोको, बाई. ठेवून जाय."

मी ठेवून आले. तो स्टोव्ह अजून माझाच आहे.